पडदा अजून किती धुवायचा, विमल?

विमल, मला बसवत नाही. खुर्चीत बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते सुचत नाही. दीपनगरच्या या क्वार्टरच्या गॅलरीत येरझारा घालते, कुंड्यांतल्या पानांवरची वीजकेंद्राची राख पुसते, पुन्हा आत येते. इतक्या वर्षांच्या संसारात यशवंत एवढं शिकलाय की अशा वेळी बायकोला चहा हवा का असं विचारायचं नसतं, नुसता करून ठेवायचा असतो.

तुझ्या कॉलेजातून निरोप आलाय. वार्षिक अंकासाठी तुझ्यावर पान-दीड पान हवंय. जन्म, शिक्षण, नोकरी, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध. ते कुणीतरी लिहील. मला तुझ्याशी बोलायचंय. खरं तर भांडायचंय, आणि नेमकी आता तू समोर नाहीस.

आपण भेटलो त्याला आता बरीच वर्षं झाली. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी दोंडाईच्याच्या मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी, एम.एस्सी. होऊन धुळ्याला सरांकडे पीएच.डी.ला आलेली. तू रावेरकडच्या केळीवाल्यांची, माझ्याआधी दोन वर्षं सरांकडे लागलेली. पहिल्याच दिवशी तू माझ्या बोलण्यातला 'शे' पकडलास आणि मी तुझ्यातला 'मले'. एकमेकींच्या बोलीला हसत आपण प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं. पुढे आपण एकच खोली भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकीण म्हणाली होती, एक दोंडाईच्याची आणि एक रावेरची, तुमचं पटणार कसं. पटलं नाहीच. पण राहिलो.

आपला प्रश्न कुणालाही सांगता येण्यासारखा होता. इन्सुलिन रक्तातून यकृतापाशी येतं. यकृताच्या प्रत्येक पेशीला एक अतिशय पातळ पडदा असतो. त्या पडद्यावर इन्सुलिनला धरून ठेवणाऱ्या जागा असतात. इन्सुलिन तिथे चिकटतं, आपला निरोप पोचवतं, आणि मग त्याचे तुकडे होतात. तुकडे व्हायलाच हवेत, नाहीतर साखर उतरतच जाईल आणि माणूस शुद्ध हरपून पडेल. प्रश्न एवढाच, की जी जागा इन्सुलिनला धरते तीच त्याला मोडते का? की धरणारा वेगळा आणि मोडणारा वेगळा?

जगात मोठमोठ्या ठिकाणी लोक यावर डोकं फोडत होते. आणि त्यात धुळ्याच्या एका कॉलेजातल्या आपण दोघी. या सगळ्याला थंडी लागते. यकृत उंदराच्या पोटातून बाहेर आल्यापासून प्रत्येक भांडं बर्फात हवं, कारण जरा ऊब लागली की मोडतोड सुरू होते. आणि आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी हाताला चटका देतं. तू सकाळी उजाडताच सायकलवर बर्फाच्या कारखान्यात जायचीस आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी कॅरिअरला बांधून आणायचीस. पाठीमागून पाण्याची धार रस्त्यावर लागलेली असायची. सगळी गल्ली तुला बर्फवाली बाई म्हणायची, आणि तू ते कौतुकाने सांगायचीस.

उंदीर तू मारायचीस. मला ते जमायचं नाही. तू माझ्याकडे पाठ करून उभी राहायचीस, मला दिसू नये म्हणून, आणि काम झालं की 'घे' एवढंच म्हणायचीस. पुढचं काम माझं. यकृत वाटायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, साखरेच्या पाकावर तरंगत ठेवायचं. मग नळीत दुधाच्या सायीसारखा एक पुसट थर दिसायचा. तो म्हणजे पडदे. तो थर काचेच्या नळीने अलगद उचलायला हात स्थिर लागतो. तुझे हात घाईचे. तू एकदा अख्ख्या सकाळची मेहनत एका झटक्यात ढवळून टाकलीस, तेव्हापासून मी असताना तू त्या नळीला हात लावला नाहीस. ते कधी बोलून ठरवलं नाही. ठरून गेलं.

मुंबईहून शिशाच्या डबीत किरणोत्सारी आयोडीन लावलेलं इन्सुलिन यायचं. ते पडद्यांवर घालायचं. किती चिकटलं ते यंत्र मोजायचं. मग त्यात आम्ल घातलं की अखंड इन्सुलिन तळाला बसतं आणि तुकडे वर पाण्यात राहतात. किती मोडलं ते असं कळायचं. वीज गेली की मोजणी थांबली. तेव्हा तू यशवंतवर घसरायचीस. आमचं लग्न नुकतंच झालं होतं, तो दीपनगरच्या वीजकेंद्रात इंजिनीअर. तू त्याला म्हणायचीस, तुमची वीज जाते तरी कुठे हो, आमच्या बायकोला तर पोचत नाही. 'आमच्या बायकोला' म्हणायचीस. तो लाजायचा.

आपला पहिला निबंध छापून आला तेव्हा सरांनी पेढे वाटले होते. आपण लिहिलं होतं, धरणारा आणि मोडणारा एकच. आपले आकडे तसंच सांगत होते. आयोडीन न लावलेलं साधं इन्सुलिन जास्त घालून त्या जागा भरल्या आणि धरणं अडवलं की मोडणंही कमी व्हायचं. दोन्ही बरोबरीने खाली यायचं. यापेक्षा स्पष्ट काय हवं?

मग मी बाळंतपणासाठी दोंडाईच्याला गेले.

आता जे लिहिणार आहे त्याबद्दल आपण दोघी नंतर कधी शांतपणे बोललो नाही. मी नसताना एका सकाळी वीज गेली आणि यंत्र मध्येच बंद पडलं. नळ्या तशाच टाकून देणं तुझ्या जिवावर आलं. वीज आल्यावर तू पडदे पुन्हा थंड पाण्यात मिसळलेस, पुन्हा फिरवलेस. म्हणजे नेहमीपेक्षा ते जास्त धुतले गेले. आणि मोजलं तर धरणं होतं तेवढंच, पण मोडणं खाली आलेलं. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर वीज गेल्यामुळे बिघडलं असं म्हणून आकडे सोडून दिले असते. तू दुसऱ्या दिवशी मुद्दाम जास्त धुतलंस. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. प्रत्येक धुण्याबरोबर मोडणं कमी होत गेलं, धरणं जागच्या जागी राहिलं.

म्हणजे मोडणारा पडद्याचा नव्हताच. यकृत वाटताना फुटलेल्या पेशींच्या पोटातून तो बाहेर पडत होता आणि पडद्यांना चिकटून आपल्याबरोबर येत होता. आपण पाहुण्याला घरचा समजलो होतो. आपला निबंध चुकला होता.

तू सरांना आकडे दाखवलेस. सर निवृत्तीला आले होते, त्यांनी खूप वेळ चष्मा पुसला म्हणे, आणि मग निबंध मागे घेण्याच्या पत्रावर सही केली. पत्र गेलं. त्यानंतर तू दोंडाईच्याला आलीस, माझी मुलगी बघायला.

त्या दुपारचं सगळं मला आठवतं. तू एसटीतून उतरून उन्हात चालत आलीस. पिवळं झबलं आणलं होतंस, त्याला तू स्वतः बटणं लावली होतीस आणि एक बटण वाकडं होतं. तू मुलीला मांडीवर घेतलंस आणि तिच्या बोटांची नखं न्याहाळत बसलीस. आईने तुझ्यापुढे डिंकाच्या लाडवांची ताटली ठेवली आणि म्हणाली, बठ्ठं खाई टाक, माय, बारीक व्हई गई तू. तू सगळं खाल्लंस. मी तुला विचारलं, काम कसं चाललंय? तू म्हणालीस, चाललंय. संध्याकाळच्या एसटीने परत गेलीस.

पुढे मला ते कळलं सरांकडून, धुळ्याला आल्यावर. त्यांना वाटलं मला माहीत आहे. मी प्रयोगशाळेत आले तेव्हा तू बर्फ फोडत होतीस. मी दारातूनच म्हणाले, "मला विचारायला हवं होतंस."

तू हातोडी खाली ठेवलीस. "विचारलं असतं तर तू थांब म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते. निबंधावर माझं नाव पहिलं होतं."

"म्हणूनच विचारलं नाही."

बाळंतिणीला काय त्रास द्यायचा, असंही तू म्हणालीस. त्याने मी जास्तच चिडले. मला आजारी माणसासारखं बाजूला बसवून तू माझ्या कामाचा निकाल लावला होतास. जळगावच्या कॉलेजात माझी मुलाखत होती. समितीतल्या एका गृहस्थांना मागे घेतलेला निबंध माहीत होता. त्यांनी सभ्यपणे विचारलं, मीही सभ्यपणे उत्तर दिलं, आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. मी भुसावळला ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागले. पीएच.डी. अर्धी राहिली. धुळ्याची खोली सोडताना तू घरी नव्हतीस. का ते तूही सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

मला एवढं म्हणायचंय, विमल, की तू बरोबर होतीस आणि तरी मला विचारायला हवं होतंस. लोक म्हणतात यातलं एक काहीतरी ठरव. मला ठरवता येत नाही. निबंध मागे घेतला नसतास तर मी आयुष्यभर चुकीच्या गोष्टीवर उभी राहिले असते. आणि विचारलं असतंस तर मी तडफडले असते, रडले असते, आठ-पंधरा दिवस तुझ्याशी बोलले नसते, आणि मग सही केली असती. ती सही करायची संधी तू मला दिली नाहीस. माझा राग निबंधावरून कधीच नव्हता.

मग काही वर्षं काहीच नाही. दिवाळीला तुझं शुभेच्छापत्र यायचं, मी उत्तर पाठवायचे, दोन ओळींत.

आणि एका रविवारी दुपारी तू न कळवता दीपनगरला आलीस. हातात पिशवी, पिशवीत भरताची हिरवी वांगी. चप्पल काढण्याआधीच तू म्हणालीस, "शालू, ग्लुकागॉनचं मोडणं धुऊन जात नाही."

मी दाराला धरून उभी. ग्लुकागॉन म्हणजे इन्सुलिनच्या उलट काम करणारं, साखर वर चढवणारं हार्मोन. तू तेच पडदे, तेच धुणं त्याच्यावर करून पाहिलं होतंस. कितीही धुतलं तरी ग्लुकागॉन मोडत होतं. म्हणजे त्याला मोडणारा मात्र खरोखरच पडद्याचा होता. एकाच पडद्यावर दोन हार्मोन आणि दोघांची तऱ्हा वेगळी.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय. थर नीट उचलला जात नाही माझ्याकडून. तू ये."

माफी नाही, मागचं काही नाही. यशवंतने वांगी तुझ्या हातातून घेतली आणि गॅसवर भाजायला ठेवली. वांग्याचा धूर घरभर झाला आणि आपण तिघं खोकत जेवलो. जाताना मी तुला म्हणाले, मे महिन्याच्या सुट्टीत बघते. तू म्हणालीस, बर्फ मी आणते.

ती पुढची वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. सुट्ट्या लागल्या की मुलगी आजीकडे, आणि मी पहाटेची एसटी धरून धुळ्याला. पारोळ्याला चहा, मग झोप, मग धुळे. तू सरांच्या जागेवर आली होतीस, पण बर्फ स्वतःच आणायचीस. ग्लुकागॉनचा निबंध आपण लिहिला. पाठवण्याआधी तू कागद माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, सही कर, नाहीतर पाठवत नाही. मी प्रत्येक आकडा तपासला आणि मग केली. तू त्या वेळभर खिडकीतून बाहेर बघत होतीस. मला कळलं होतं तू काय करते आहेस. तेवढंच तुला जमत होतं आणि मला ते पुरलं. त्या निबंधाच्या जोरावर माझी पीएच.डी. पुरी झाली.

पण भांडण संपलं नाही, कारण इन्सुलिन. कितीही धुतलं तरी इन्सुलिनचं मोडणं अगदी शून्यावर येत नव्हतं. थोडंसं उरायचंच. तुझं म्हणणं, ती घाण आहे, अजून धुवायला हवं, साध्या पाण्याने निघत नसेल तर मिठाच्या पाण्याने काढू. माझं म्हणणं, उरतं ते पडद्याचं स्वतःचं आहे, आणि मिठाने पडदाच दुखावेल. यावर आपण बसस्टँडवर भांडलो, पिठलं-भाकरी खाताना भांडलो, सरांच्या घरी त्यांच्या आजारपणात बघायला गेलो तिथेही भांडलो. सर उशीला टेकून ऐकत होते आणि त्यांना बरं वाटत होतं असं त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं.

गेल्या वर्षी कधीतरी तू म्हणालीस, मुंबईला जाऊन येते, आयोडीनचं काम आहे. तू बरेच दिवस आली नाहीस. परत आलीस ती बारीक होऊन. मी विचारलं तर म्हणालीस, मुंबईचं जेवण. दिवाळीच्या सुट्टीत तुझा उजवा हात खांद्यापासून सुजलेला दिसला. म्हणालीस, लादी उचलताना लचकला. बर्फ आता रिक्षातून यायचा. यंत्रातलं जड चाक तू मला उचलायला सांगू लागलीस. मी उचललं. एकदा तू घाम पुसत स्टुलावर बसलीस आणि मी पाणी आणून दिलं, तेव्हा तू विषय काढलास मिठाचा. मी लगेच पेटले. म्हणाले, तुला धुण्यापलीकडे काही सुचत नाही, जगातली प्रत्येक गोष्ट तुला घाणच वाटते. तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, पुढचं आयोडीन मागवलंय, ते आलं की मिठाने धुऊन दाखवते, मग बोल.

आपलं शेवटचं बोलणं ते.

तू रजा घेऊन गावी गेलीस असं कळलं. आंब्याच्या दिवसांत जातेस तशी गेली असशील असं मला वाटलं. मग तुझ्या धाकट्या भावाचा फोन कॉलनीच्या ऑफिसात आला आणि यशवंत तो निरोप घेऊन भर दुपारी घरी आला. त्याला दारात बघितलं तेव्हाच मला कळलं की कुणीतरी गेलंय. तू असशील असं मनात आलं नाही. स्तनाचा कर्करोग, मुंबईला ऑपरेशन झालेलं, मग यकृतात उतरलेला. हे सगळं मला सरणाजवळ उभ्या असलेल्या तुझ्या चुलत वहिनीने सांगितलं. सगळ्या गावाला माहीत होतं.

पुन्हा तेच केलंस तू. मला विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस, बाजूला बसवलंस. तुझ्या चितेपुढे मी हात जोडून उभी होते आणि मनातल्या मनात तुझ्याशी तावातावाने बोलत होते. शेजारच्या बायकांना वाटलं मी काही म्हणते आहे. एकीने माझा हात धरला.

आठवड्याने धुळ्याहून तुझ्या विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. तुझ्या नावाने मुंबईची डबी आली होती. काय करायचं? आयोडीन कुणासाठी थांबत नाही, दोन महिन्यांत निम्मं होतं. मी म्हणाले, मी येते. यशवंतने एसटीत बसवून दिलं आणि म्हणाला, हे करायलाच हवं का? मी म्हणाले, हो. का ते मला माहीत नव्हतं.

बर्फ मी आणला. रिक्षावाल्याने सीट भिजली म्हणून कुरकुर केली. मग उंदीर. तू पाठ करून उभी राहायचीस, मी कधी बघितलंच नव्हतं. विभागात कुणाला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. मी तो हातात घेतला तेव्हा त्याचं ऊबदार पोट धडधडत होतं आणि मी त्याला परत पिंजऱ्यात ठेवलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले. पुन्हा आत आले. केलं. आणि मग समजलं, विमल, की इतकी वर्षं 'घे' म्हणताना तुझा आवाज कोरडा का असायचा. मला वाटायचं, तुला त्याचं काही वाटत नाही.

पडदे मी उचलले. त्यातले निम्मे साध्या पाण्याने धुतले आणि निम्मे मिठाच्या, तू सांगायचीस त्या मापाने. दिवसभर यंत्रापुढे उभी राहिले. वीज गेली नाही. मिठाने इन्सुलिनचं मोडणं आणखी उतरलं, जवळजवळ दिसेनासं झालं. पण मिठाने धरणंही उतरलं. दोन्ही. तू म्हणाली असतीस, बघ, गेली घाण. मी म्हणाले असते, बघ, पडदाच दुखावला. कागद हातात घेऊन मी त्या रिकाम्या खोलीत अशी उभी राहिले, की आता समोरून कुणीतरी बोलायला हवं होतं.

परवा तेराव्याला तुझ्या गावी गेले. जेवणं झाली, पाहुणे पांगले. तुझे आबा ओट्यावर एकटे बसले होते, केळीच्या बागेकडे तोंड करून. मी निघते म्हणायला गेले तर त्यांनी बस म्हटलं. म्हणाले, पोरीने लग्न केलं नाही, जन्म तिकडे काढला. ती करत काय होती ते मला कुणी नीट सांगितलं नाही. तिला विचारलं तर म्हणायची, आबा, मोठं किचकट आहे.

मी सांगितलं. किचकट नव्हतंच ते. आपण जेवलो की साखर वाढते, मग इन्सुलिन काळजापाशी, म्हणजे यकृतापाशी, जातं, तिथे चिकटतं, काम करतं, आणि मोडतं. ते कोण मोडतं हे विमल शोधत होती. त्यांनी विचारलं, नाही मोडलं तर? मी म्हणाले, तर माणूस साखर उतरून जाईल. ते मान हलवत राहिले. सापडलं का तिला, असं विचारलं. मी म्हणाले, एकाचं सापडलं, ग्लुकागॉन म्हणून एक असतं त्याचं. दुसऱ्यावर आमचं भांडण होतं. आणि मग माझ्याने राहवलं नाही. मी त्यांना विचारलं, इतकी आजारी होती तर मला एका शब्दाने का सांगितलं नाही तिने?

आबांनी माझ्याकडे पाहिलं. का ते मला ठाऊक आहे, असं त्यांना बहुधा वाटलं होतं.

"म्या म्हनलं व्हतं तिले, शालूले तरी सांग," ते म्हणाले. "त ती म्हने, आबा, तिले सांगितलं त ती माह्याशी भांडनार नही. बठ्ठे आता माह्याशी गोड बोलतात. एक ती हाये, तिले राहू द्या."

मी तिथून उठले ते सरळ बसथांब्यावर गेले. रावेरहून सावद्याला, तिथून भुसावळ, तिथून दीपनगर. खिडकीतून बघत होते पण काही दिसत नव्हतं. तेव्हापासून अशी फेऱ्या घालते आहे. यशवंतला हे सांगितलं, तर तो म्हणाला, तुझ्याकडून तिने फार मोठं काहीतरी घेतलं, आणि तुला कळू दिलं नाही. असेल. मला अजूनही वाटतं विचारायला हवं होतंस. मी तुझ्याजवळ बसले असते. आणि बसले असते तर गोड बोलले असते, हेही खरं. मिठाचं नाव काढलं असतंस तर म्हणाले असते, हो गं, तुझंच बरोबर असेल. तू ते ऐकून तोंड भिंतीकडे फिरवलं असतंस.

ठीक आहे. तर गोड बोलत नाही.

मीठ तू फार सांगितलंस. एवढ्या मिठात कुठलाही पडदा टिकणार नाही, आणि मोडणं गेलं म्हणून नाचण्यात अर्थ नाही, जोवर धरणं शाबूत नाही. मीठ निम्म्यावर आणायचं, मग त्याच्याही निम्म्यावर, आणि दोन्ही बाजूबाजूला मोजत जायचं. कुठेतरी एक जागा असेल जिथे धरणं पुरतं उभं आहे. तिथे मोडणं उरतं का, हे बघायचं. उरलं तर तू चुकलीस. नाही उरलं तर मी चुकले. आयोडीन अजून दीडेक महिना चालेल. दिवाळीपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून मी कॉलेजात बिनपगारी रजेचा अर्ज दिलाय, आणि उद्या पहाटेच्या एसटीने धुळ्याला निघते आहे. तुला वाटत असेल मी तुझ्यासाठी जाते आहे, तर तसं नाही. तू चुकते आहेस, आणि मला ते दाखवायचं आहे.